जपानच्या शहरांतील उतारू
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला जपानविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा एक अटही घातली. "तेथील देवळे, बागा आणि चेरीचा फुलोरा यांची वर्णने आम्ही पुष्कळ वाचली आहेत, मनुष्य तेथे उतरल्यावर जातो कसा आणि राहतो कोठे, तेवढे सांगा," असे ते म्हणाले. ही अट मला मनापासून मान्य आहे. कारण आपल्याकडे देशाटनाचे बेत मोडतात ते बहुधा याच दोन प्रश्नांपाशी. आपल्या सभासदांत साठी ओलांडलेली, परंतु प्रकृतीने धडधाकट आणि गाठीला थोडी शिल्लक असलेली कितीतरी जोडपी आहेत. मुलांना सवड नाही, भाषा येत नाही आणि तेथे आपले कोणी नाही, या तीन कारणांनी ती घरी बसतात. नाही तर सहलीत नाव घालून दुसऱ्याच्या शिटीबरोबर उठतात आणि बसतात. अशा सहलींना मी नावे ठेवीत नाही. ज्यांना त्या सोयीच्या वाटतात त्यांनी अवश्य जावे. परंतु जपानच्या शहरांत कोणाच्याही ओळखीवाचून, आपल्या पायांनी आणि आपल्या मताने हिंडता येते, हे मी आपणांस सांगू इच्छितो. आणि ते कशामुळे शक्य होते हे समजून घेणे आपल्यासारख्या ज्ञातिमंडळाला विशेष अगत्याचे आहे, असे मला वाटते.

परगावी जावयाचे म्हटले की आपला पहिला प्रश्न असतो, "उतरावयाचे कोणाकडे?" कोणाचा मावसभाऊ, कोणाचा साडू, कोणी गाववाला, आणि यांपैकी कोणीच नसेल तर ज्ञातीचे वसतिगृह, हीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कोकणातून व घाटावरून मुंबईस नोकरीसाठी आलेल्या तरुणांना पहिली पथारी मिळाली ती याच रीतीमुळे, हे कोणीही कृतज्ञतेने मान्य करील. परंतु या रीतीत एक उणीव आहे. ज्याला ओळख नाही त्याला दारही नाही.

जपाननेही हा प्रश्न फार पूर्वीपासून हाताळला. इ. स. १६०१ मध्ये तोकुगावा इएयासु याने एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योटो यांमधील तोकाइदो मार्गावर टप्प्याटप्प्याने मुक्कामाची ठाणी नेमण्यास आरंभ केला. पुढे त्यांची संख्या ५३ झाली. सरदारांसाठी वेगळे वाडे आणि सामान्य वाटसरूंसाठी भोजनासह उतारगृहे अशी तेथे सोय असे. त्याच मार्गाच्या आसपासने १ ऑक्टोबर १९६४ रोजी शिंकान्सेन ही वेगवान आगगाडी धावू लागली. टोकियो आणि ओसाका यांमधील सुमारे ५१५ किलोमीटरचे अंतर तोडण्यास तिला आरंभी चार तास लागत. आज तिच्या सर्वांत जलद गाड्यांना अडीच तासही लागत नाहीत. परक्या माणसाच्या मुक्कामाची आणि वाहनाची सोय ही सार्वजनिक बाब आहे, ही जाणीव त्या देशात अशी जुनी आहे.

आता प्रत्यक्ष वाटेला लागू. टोकियोस दोन विमानतळ आहेत. हानेदा शहरातच आहे. नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. तिकीट काढतानाच कोणत्या विमानतळावर उतरणार हे पाहावे. कारण नारिताहून टॅक्सी केल्यास भाड्याचा आकडा पाहून प्रवासाचा आनंद तेथेच संपेल. दोन्ही ठिकाणांहून शहरात आगगाड्या जातात. ओसाकाचा कान्साई विमानतळ १९९४ मध्ये समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर उघडला. तेथूनही क्योटोला थेट गाडी आहे.

उतरल्यावर पहिले काम म्हणजे वाहनभाड्याचे कार्ड घेणे. टोकियोच्या बाजूचे सुइका हे कार्ड २००१ मध्ये निघाले, ओसाकाच्या बाजूचे इकोका २००३ मध्ये. अशी दहा प्रकारची कार्डे २०१३ पासून एकमेकांच्या प्रदेशांत चालतात. कार्डात पैसे भरावे, फाटकावर टेकवावे, आत जावे. उतरताना पुन्हा टेकवावे, म्हणजे योग्य तेवढे भाडे आपोआप वजा होते. तिकीट-खिडकीशी हुज्जत नाही, सुट्या पैशांची चणचण नाही. मात्र प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे. एका कार्डावर पतिपत्नी दोघांस जाता येत नाही.

टोकियोच्या भुयारी रेल्वेचा नकाशा प्रथम पाहणाऱ्यास रांगोळी विस्कटल्यासारखा दिसतो. दोन संस्थांचे मिळून तेरा मार्ग आहेत, आणि भूपृष्ठावरील गाड्या आणखी वेगळ्या. परंतु त्यात शिरण्याची एक किल्ली आहे. २००४ पासून भुयारी मार्गांच्या प्रत्येक स्थानकाला एक अक्षर आणि एक आकडा दिलेला आहे. गिन्झा मार्गाचे अक्षर 'जी'. त्यावर शिबुया हे एक, गिन्झा हे नऊ आणि आसाकुसा हे एकोणीस. नवावरून एकोणिसावर जावयाचे असेल तर आकडे चढत जाणारी गाडी धरावी, इतकाच हिशेब. ज्याला जपानी लिपीतील एकही अक्षर वाचता येत नाही त्याला आकडे वाचता येतात, हे कोणीतरी आधी लक्षात घेतले आणि भाषेची भिंत तेवढ्यापुरती खाली आणली. भूपृष्ठावर यामानोते नावाचा पोपटी रंगाच्या पट्ट्याचा वर्तुळमार्ग आहे. ३४.५ किलोमीटरच्या या फेरीत तीस स्थानके आहेत आणि एका फेरीस सुमारे एक तास लागतो. नवख्याने आपले बिऱ्हाड या वर्तुळावरील एखाद्या स्थानकाजवळ करावे. चुकून उलट दिशेची गाडी धरली तरी मनुष्य उशिरा का होईना, योग्य ठिकाणी पोचतो.

खरी कसोटी असते ती स्थानकातून बाहेर पडताना. शिंजुकु हे जगातील सर्वांत गजबजलेले स्थानक मानले जाते आणि त्याला दोनशेहून अधिक दरवाजे आहेत. चुकीच्या दरवाज्याने बाहेर पडल्यास शंभर पावलांवरचे हॉटेल अर्ध्या तासावर जाते. यास्तव निवासाची जागा ठरविताना रस्त्याचे नाव विचारू नये. स्थानकाच्या कोणत्या क्रमांकाच्या दरवाज्याने बाहेर पडावे, हे विचारून लिहून ठेवावे. तेथील बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. पत्ता असतो तो विभागाचा, त्यातील गटाचा आणि गटातील घराचा. मोबाईलवरील नकाशा आज हे काम पुष्कळ सोपे करतो. पण तो बंद पडला तरी घाबरण्याचे कारण नाही. मोठ्या चौकांत आणि स्थानकांपाशी 'कोबान' नावाची छोटी पोलीस चौकी आढळते. १८७४ पासून चालत आलेल्या या संस्थेत वाटसरूला वाट दाखविणे हे शिपायाच्या नित्य कर्तव्यांपैकी एक आहे. पत्ता जपानी लिपीत छापून जवळ ठेवावा व तो पुढे करावा; भाषेवाचून काम होते.

एका गोष्टीचा मात्र विसर पडू देऊ नये. शहरातील गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात त्या पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. शेवटची गाडी चुकली तर टॅक्सीवाचून गत्यंतर नाही. टॅक्सीचे डावीकडील मागचे दार चालक आतूनच उघडतो व मिटतो. ते आपण ओढू नये. आणि कोठेही बक्षिशी देऊ नये, त्याने समोरचा मनुष्य संकोचतो.

एका शहराहून दुसऱ्या शहरी जाताना आपल्या लोकांचा मोठा शत्रू म्हणजे सामान. टोकियो ते क्योटो प्रवासास वेगवान गाडीने सुमारे सव्वादोन तास आणि जवळजवळ १४,००० येन लागतात. २०२० च्या मे महिन्यापासून या मार्गावर ज्या पेटीची लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरहून अधिक भरते, तिच्यासाठी विशिष्ट आसन आधी राखून ठेवावे लागते. आपल्या घरच्या मोठ्या बॅगा या मापात सहसा बसत नाहीत. घरीच फीत लावून पाहावे. याहून सुखाचा मार्ग म्हणजे 'ताक्युबिन'. १९७६ मध्ये सुरू झालेल्या या घरपोच सेवेमार्फत एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात सामान पाठविता येते. मोठ्या शहरांमध्ये ते बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. आपण एक रात्रीचे कपडे घेऊन मोकळ्या हातांनी गाडीत बसावे. गुडघे दुखणाऱ्यांना या सेवेचे मोल विशेष कळेल.

परदेशी प्रवाशांसाठी असलेला सर्व देशभराचा रेल्वे पास पूर्वी स्वस्त पडे, म्हणून जुने प्रवासी तोच घेण्याचा सल्ला अजूनही देतात. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत २९,६५० येनांवरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो जाऊन येणे सुमारे २८,००० येनांत होते. तेवढाच प्रवास करणाऱ्याने पासाच्या नादी लागू नये.

शहरागणिक रीत थोडी बदलते. क्योटोत भुयारी मार्ग दोनच, एक दक्षिणोत्तर व एक पूर्वपश्चिम, इ. स. ७९४ मध्ये राजधानी म्हणून आखलेल्या या नगरीचे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनात आहेत, म्हणून दिशा समजली की मनुष्य हरवत नाही. मंदिरांकडे जाणाऱ्या बसगाड्यांना अलीकडे फार गर्दी असते. शक्य तेथवर रेल्वेने जावे व उरलेले चालावे. शहरातील बहुतेक बसमध्ये मागच्या दाराने चढावे आणि पुढच्या दाराने पैसे देऊन उतरावे. ओसाकास वेगवान गाडी थांबते ती शिन-ओसाका स्थानकात. तेथून मिदोसुजी नावाच्या लाल मार्गाने शहराच्या मध्यावर जावे लागते. टोकियोत सरकत्या जिन्यावर लोक डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. हिरोशिमात अजून ट्राम चालते. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुस्फोटाने ते शहर भस्मसात झाले असताना अवघ्या तीन दिवसांत, ९ ऑगस्टला, एका तुकड्यावर ट्राम पुन्हा धावू लागली होती. त्या गाडीत बसताना ही गोष्ट ठाऊक असावी.

आता निवासाविषयी. सामान्य कुटुंबाला परवडणारे व सर्वत्र मिळणारे स्थान म्हणजे स्थानकाजवळचे 'बिझनेस हॉटेल'. खोली स्वच्छ, पण इतकी लहान की दोन पेट्या एकदम उघडता येत नाहीत. 'सेमी-डबल' म्हटलेला पलंग बहुधा १२० सेंटिमीटर रुंद असतो. दोघांनी वेगळ्या पलंगांची 'ट्विन' खोली मागावी. भाडे पुष्कळदा खोलीमागे नसून माणशी सांगितलेले असते, तेही पाहून घ्यावे. दुपारी तीनच्या आधी खोली मिळत नाही व सकाळी दहा-अकराला ती सोडावी लागते; मात्र सामान आधी आणून ठेवता येते. परदेशी प्रवाशाचा पासपोर्ट पाहून त्याची प्रत ठेवली जाते, त्याचा राग मानू नये. टोकियो, क्योटो यांसारख्या शहरांत रात्रीमागे माणशी निवासकरही द्यावा लागतो. खासगी घरे भाड्याने देण्यास २०१८ च्या जूनपासून कायद्याने मर्यादा घातली आहे. अशा घराला नोंदणी क्रमांक असतो आणि वर्षातून १८० दिवसांपर्यंतच ते उतारूंना देता येते. क्रमांक नसलेल्या घराच्या वाटेस जाऊ नये.

एखादी रात्र तरी 'रियोकान' या जुन्या पद्धतीच्या उतारगृहात काढावी. चटयांची जमीन, तीवर रात्री अंथरलेली गादी, खोलीत जोडे वर्ज्य. आपल्या घरच्यासारखेच वाटते. जेवण ठरल्या वेळी, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास असते. उशीर होणार असेल तर आधी कळवावे. सामायिक स्नानगृहात प्रथम बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावे आणि मगच गरम पाण्याच्या कुंडात उतरावे. आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातांवर गोंदण असते. तेथे गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी जोडला गेल्यामुळे अनेक स्नानगृहांत गोंदलेल्यांना मनाई असते. हा आपल्या आजीचा अपमान नव्हे. आधी विचारून घ्यावे, लहान गोंदण पट्टीने झाकण्यास कित्येक ठिकाणी परवानगी असते, किंवा कुटुंबापुरते वेगळे स्नानगृह मागावे.

शाकाहारी मंडळींना अडचण पडते ती मांसाची नव्हे, माशाची. 'दाशी' नावाचा माशाच्या चकत्यांचा अर्क तेथील सारात, शेवयांत, भाजीतही असतो. "मांस, मासे आणि माशाचा अर्क चालत नाही," असे जपानी लिपीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे आणि उतारगृहाला जागा ठरवितानाच कळवावे. ऐन जेवणाच्या वेळी सांगून उपयोग नसतो. निर्धास्तपणे जेवावयाचे असेल तर ओसाकाहून रेल्वेने व पुढे दोरखंडाच्या गाडीने कोयासान पर्वतावर जावे. इ. स. ८१६ मध्ये कुकाई या बौद्ध आचार्याला ही जागा मिळाली. तेथील ११७ मठांपैकी सुमारे पन्नास मठ उतारूंना ठेवून घेतात आणि 'शोजिन रियोरी' हे मांस, मासे, कांदा व लसूण नसलेले भोजन देतात. तेथील समाधिस्तंभांवर सिद्धम् लिपीत अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरे कोरलेली असतात. नागरी वाचणाऱ्या डोळ्यांना त्या लिपीचे नाते थोड्या प्रयत्नाने ओळखता येते.

मार्चअखेर ते एप्रिलचा आरंभ, एप्रिलअखेर ते ५ मे, ऑगस्टचा मध्य, नोव्हेंबरमधील क्योटो आणि नववर्ष, या दिवसांत जागा महाग व दुर्मिळ असते. शनिवारची रात्रही महाग. यांतील बहुतेक सुट्यांत सर्वांत जलद वेगवान गाड्यांतील सर्व आसने २०२३ च्या अखेरीपासून आरक्षित केली जातात. जागा काही महिने आधी ठरवावी हाच उपाय.

टोकियोच्या एदोगावा प्रभागात निशि-कासाई येथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आपल्यापैकी कोणाची मुले तेथे असतील. त्यांना अवश्य भेटावे. परंतु तेथील घरे लहान असतात. आपण जवळच्या हॉटेलात उतरून जेवावयास मुलांकडे गेलात, तर सुनेलाही तुमचे येणे सुखाचे होईल.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जपानमध्ये १९४८ पासून उतारगृहांचा कायदा आहे. रोगाचा संसर्ग, जागेचा अभाव, अवाजवी मागण्या अशा नमूद कारणांवाचून उतारूला जागा नाकारता येत नाही, असे तो सांगतो. आपण कोण, कोणाचे, कोठले, हे त्या कारणांत येत नाही. जपान हा देवांचा देश आहे असे मी म्हणत नाही. तेथेही जन्मावरून काही समाजांना हीन लेखले जाई. १८७१ च्या फर्मानाने तो भेद रद्द झाला, तरी त्याची झळ पुढे पिढ्यान्‌पिढ्या लागत राहिली. भाषेच्या धास्तीने परदेशी पाहुण्याला टाळणारे छोटे चालक आजही आढळतात. २००३ मध्ये कुमामोतो प्रांतातील एका हॉटेलाने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या वृद्धांना जागा नाकारली. परंतु तेव्हा प्रांताच्या शासनाने याच कायद्याच्या आधारे त्या हॉटेलावर कारवाई केली. माणसे सर्वत्र माणसांसारखीच असतात. लिहिलेला नियम असला म्हणजे नाकारलेल्याला बोलण्यास जागा राहते.

त्या व्यवस्थेची किंमत प्रवाशालाही मोजावी लागते. वेळ पाळावी लागते, आगाऊ कळवावे लागते, रांगेत उभे राहावे लागते, आणि "जरा सांभाळून घ्या हो," असे म्हणून चालत नाही. ओळखीच्या घरी जी मुभा मिळते ती तेथे नाही. उलट, ओळखीच्या घरी जो मिंधेपणा येतो तोही नाही. एकटी स्त्री, निपुत्रिक जोडपे, बोलण्यास बुजणारा मनुष्य, यांना ही अदलाबदल फायद्याचीच ठरते.

यावरून मंडळास दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, जे सभासद परदेशी जाऊन येतात त्यांनी कोठे उतरलो, स्थानकाच्या कोणत्या दरवाज्याने बाहेर पडलो, काय खाल्ले आणि किती खर्च आला, हे कार्यालयातील एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्याला त्याचा आधार होईल. दुसरी सूचना सर्वांना रुचेलच असे नाही, तरी ती मांडणे मी कर्तव्य समजतो. आपल्या ज्ञातिगृहातील पाहुण्यांच्या खोल्या वर्षातून कितीतरी दिवस रिकाम्या असतात. ज्ञातिबंधूंचा अग्रहक्क अवश्य ठेवावा. परंतु खोली रिकामी असेल त्या रात्री भाडे व नियम दारावर लावून ती कोणाही वाटसरूला, आडनाव न विचारता, द्यावी. ज्या पूर्वजांनी वर्गणी काढून ही वास्तू उभारली ते स्वतः या शहरात परके म्हणूनच उतरले होते. पुढील सर्वसाधारण सभेत या सूचनेचा विचार व्हावा, अशी माझी विनंती आहे.

ज्यांचे पासपोर्ट कपाटात पडून आहेत त्यांनी ते उद्या बाहेर काढून त्यांची मुदत पाहावी, एवढे सांगून आपली रजा घेतो.